मालक काय करतात?

संस्थेचा माणूस मला म्हणाला, "उद्या मोठ्या मॅडम येणार आहेत, तुम्ही दुभाष्या व्हा." मला वाटलं त्यानं शिवी घातली. मी पण एक घातली. मग त्यानं समजावलं की दोन भाषा येणाऱ्याला दुभाष्या म्हणतात. मी म्हटलं, मला तर दीडच येते. घरची पूर्ण आणि शाळेची अर्धी. शाळेत मी गेलो तेवढीच.

मी रिक्षा चालवतो. नंदुरबार स्टेशनवर माझा नंबर लागतो. रिक्षावर भोंगा बांधलेला आहे. सर्कस आली, म्हैस हरवली, नळाला पाणी येणार नाही, सगळं मीच ओरडतो. लग्नात बोलावतात, मयतीत बोलावतात, कारण मी हसवतो. मयतीत हसवणं हे चांगल्या माणसाचं काम नाही, पण चांगल्या माणसाची कामं मला कोणी देत नाही.

आमच्या वस्तीत नवरे लवकर जातात. कोणी दारूनं जातो, कोणी सुरतकडच्या कामावर जातो, कोणी हायवेवर जातो. बाया उरतात, पोरं उरतात. अशा बायांच्या पोरींना ती संस्था शहाद्याकडच्या वसतिगृहात ठेवणार होती. पाचवी ते दहावी. खाणं, कपडे, शाळा, सगळं त्यांचं. नियम एकच. बाप गेलेला पाहिजे. सोडून गेलेला चालत नाही, वरच गेलेला पाहिजे.

मला ही मदतवाली माणसं आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मागं दुसऱ्या कुठल्या लोकांनी आमच्याकडं एप्रिल महिन्यात ब्लँकेटं वाटली होती. नंदुरबारचा एप्रिल! बायांनी ती अंगावर घेऊन फोटोपुरतं कुडकुडून दाखवायचं होतं. आणि भोंग्यावर "कुडकुडा, कुडकुडा" ओरडणारा कोण? मीच. म्हणजे आवडत नाहीत ते एका बाजूला, आणि त्यांच्या गाडीत एसीसमोर तोंड धरून बसायला पहिला नंबर माझा.

माझ्या घराला लागून एक वहिनी राहते. सख्खी नाही. तिचा नवरा माझा दोस्त, माझ्याहून वर्षानं मोठा, म्हणून ती वहिनी. तो सुरतकडं इमारतीच्या कामावर होता, तिथं तापानं गेला. त्याला आणायला मीच गेलो होतो. तिथल्या दवाखान्यानं कागद दिला तो गुजरातीत. मी तो उलटा धरून नंदुरबारपर्यंत आणला. सुलटा धरला असता तरी मला तेवढंच कळलं असतं.

वहिनी मिरचीच्या पथारीवर जाते. पथारी म्हणजे उघडं रान, त्यावर नजर पुरत नाही इतकी लाल मिरची वाळत टाकलेली. बाया ओळीनं बसतात आणि देठ खुडतात. हातांची आग संध्याकाळी घरी येते, भाकरी थापताना परत पेटते. शाळा सुटली की तिची पोरगी पण तिथंच. चौथीत होती. नाक वाहिलं तर पोरगी खांद्यानं पुसायची. मिरचीवर बसलं की हात तोंडाकडं न्यायचा नाही, एवढं तिचं शिक्षण पुरं झालं होतं.

चौथीच्या पुढची शाळा आमच्यापासून लांब. पोरगी एकटी जाणार नाही, आई पथारीवर. म्हणजे वसतिगृहात नाव लागलं तर पाचवी, नाही लागलं तर पथारी. तिसरं काही नव्हतं. हे वहिनीला माहीत होतं, पोरीला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मला तर जास्त माहीत होतं, कारण अर्ज द्यायला तिला मीच रिक्षात नेलं होतं.

तर मॅडम आल्या. मिरचीचा हंगाम संपत आला होता. अंगणवाडीच्या पुढं मांडव टाकला, प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या, बारा बाया बसवल्या. मॅडम वाईट नव्हत्या. उलट जरा जास्तच चांगल्या होत्या. कुठल्यातरी गावात जित्या नवऱ्याच्या बायांनी नावं लावून घेतली होती म्हणे, म्हणून कागदावर विसंबायचं नाही, प्रत्येकीशी स्वतः बोलायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. आणि 'विधवा' म्हणायचं नाही, 'नवरा कधी मेला' असं विचारायचं नाही, बायांना लागेल. खेड्यात नवऱ्याला मालक म्हणतात, हे त्यांना कोणीतरी शिकवून पाठवलं होतं. म्हणून त्या प्रत्येकीला अगदी हळू आवाजात विचारायच्या, "ताई, मालक काय करतात?"

पहिली म्हणाली, "मालक नही शेतस." दुसरी रडली. तिसरीनं नुसतं वर बोट दाखवलं, तर मॅडम आभाळाकडं बघून म्हणाल्या, "गवंडीकाम?" तेव्हा मी सांगितलं, "नाही मॅडम, त्याच्याही वर." सगळ्या हसल्या. मला बरं वाटलं. तिथंच माझं डोकं फिरलं.

मग वहिनी आली. ती तशीच पथारीवरनं धावत आलेली. हात कोपरापर्यंत लाल. पथारीच्या मालकानं सुट्टी दिली नव्हती, तिनं भांडून तासाभराची घेतली होती. मॅडमनी विचारलं, "ताई, मालक काय करतात?"

वहिनीचं डोकं अजून पथारीवरच होतं. ती तडकली. "मालक काय करस? खुर्चीवर बसस, सुपारी खास, आनि आम्हले शिव्या देस."

मॅडमचा पेन थांबला. "मारतात का?"

"मारस नही. पन असा बोलस, मारं तरी बरं."

"घरी कधी येतात?"

वहिनी गोंधळली. "मन्हा घर? तो मन्हा घर काबर यी? त्याना बंगला शे. मोटार शे."

मागं बसलेल्या बायांना कळलं होतं. एकीनं पदर तोंडात कोंबला. दुसरी म्हणाली, "आग माय!" मॅडमनी माझ्याकडं बघितलं. दुभाष्या मी होतो ना. "म्हणजे हे वेगळे राहतात का?"

मला तेव्हाच कळलं होतं. हे मी कोणापासून लपवत नाही. मालक म्हणजे नवरा असं मॅडम समजल्या आणि मालक म्हणजे पथारीवाला असं वहिनी समजली, हे मला दोघींच्या आधी कळलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण बाया हसायला तयार बसल्या होत्या, आणि हसायला तयार बसलेल्या माणसांना मी आजपर्यंत कधी उपाशी पाठवलं नाही. मी म्हटलं, "मॅडम, हिच्या मालकाचं काय विचारता! हिच्या एकटीचा थोडाच आहे? चाळीस बायांचा मालक आहे तो!"

मांडव फुटला. फोटो काढणारा पोरगा पण हसला. आणि वहिनी, जी नवरा गेल्यापासून हसली नव्हती, तिनं पदराआड तोंड नेलं. तिचे खांदे हलले. आपण फार मोठं काम केलं असं मला वाटलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर लाल पेनानं काहीतरी केलं. मी मान लांब करून बघितलं. वहिनीच्या ओळीवर लाल आडवी रेघ होती. बाकीच्यांच्या ओळींवर काही नव्हतं.

शिकलेल्या माणसाला कळलं असतं. मला वाटलं, खास पसंती.

मी वहिनीच्या मागं धावलो. "वैनी, तुन्ह काम झायं! फक्त तुन्हाच नावले लाल शाई लावी!"

"खरं का भाऊ?"

"मन्ही शपथ."

माझ्या शपथेवर तिनं काय काय केलं ते ऐका. पोरीला पत्र्याची पेटी आणली. पोरीनं तिच्यात दोन फ्रॉक आणि एक कंगवा ठेवला आणि रोज उघडून बघायला लागली. आणि पथारीवर शेवटच्या दिवशी मालक नेहमीप्रमाणं बोलला, "पुढला साल पोरले बी पुरा दिवस ली ये," तेव्हा वहिनीनं इतक्या वर्षांचं सगळं त्याला एकदम सुनावलं. मन्ही पोर आठे येवाव नही, ती शिकी, असं बरंच. चाळीस बायांसमोर. तो म्हणाला, "मंग तू बी येवानं नही." ती म्हणाली, "नही येऊ." गल्लीत तिचं कौतुक झालं. मी सर्वांत जास्त केलं.

मे महिन्यात यादी आली, फोनवर. अंगणवाडीच्या ताईनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचली. पोरगी पेटीवरच बसली होती. अकरा नावं वाचली. बारावं नव्हतं.

"परत वाच," वहिनी म्हणाली.

ताईनं परत वाचली. मग खाली नापास झालेल्याचं कारण होतं, ते वाचलं. वहिनीच्या नावापुढं लिहिलं होतं, पती हयात, विभक्त, बंगला व मोटार.

एक म्हातारी हसली. ती चुकून हसली असावी. बाकी कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी रिक्षाचा आरसा पुसत होतो. आरसा चांगला स्वच्छ होता.

वहिनी माझ्या दारात आली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"भाऊ, मन्हा नवरा कोठे शे?"

मी फडकं झटकायला लागलो.

"बंगलाम्हा शे म्हने. मोटार शे म्हने. तुले पत्ता मालूम शे. माले बी ली चाल ना तठे."

तेव्हासुद्धा माझ्या तोंडात एक विनोद आला होता. काय आला होता ते सांगत नाही. गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला, म्हणून ठसका लागला. माझी बायको आतून बाहेर आली. मला वाटलं पाणी देईल. ती म्हणाली, "आते बोल ना. भोंगा बंद पडी गया का?"

"चूक मॅडमनी झायी," मी म्हटलं.

"मॅडम परगावनी शे," बायको म्हणाली. "तू कोठला शे?"

त्या दिवसापासून गल्लीतल्या बाया माझ्या रिक्षात बसेनात. पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊन माझ्या रिकाम्या रिक्षाशेजारनं चालत जायच्या, आणि मुद्दाम हळू जायच्या. एक दिवस मी थांबून म्हटलं, "बसा ना, काकू." काकू म्हणाली, "नको बाप्पा. तू आम्हले बी एखादा मालक करी देशी."

मी संस्थेच्या ऑफिसात गेलो. तिथं तोच माणूस होता, दुभाष्या म्हणणारा. मी सगळं सांगितलं. मालक म्हणजे कोण, नवरा म्हणजे कोण, मी काय बोललो, का बोललो. तो गालात हसत ऐकत होता.

"म्हणजे चाळीस बायांचा मालक नाहीये?"

"आहे, साहेब. पण तो नवरा नाही."

"चाळीसांपैकी एकीचाही नाही?"

"साहेब, ती चेष्टा होती."

"मग आता हे जे सांगताय, ते काय आहे?"

मी म्हटलं फायलीत मयतीचा कागद आहे, बघा. तो म्हणाला कागद आहे, पण गुजरातीत आहे, आणि बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, वर तुम्ही साक्ष दिली. यादी मॅडमनी बंद केलीय. जूनमध्ये मॅडम दप्तरं वाटायच्या कार्यक्रमाला येतील, तिथं बोला. "आणि एक करा," तो म्हणाला, "तिथं हसवू नका."

मी वहिनीच्या घरापुढं उभं राहून सांगितलं की कार्यक्रमाला या, मी मॅडमशी बोलतो. ती दळण निवडत होती. मान वर केली नाही. पोरगी म्हणाली, "काका, पेटी आनू का?" वहिनी म्हणाली, "पेटी घरम्हाच ऱ्हाऊ दे. काकाना शब्दवर पेटी उचलानी नही."

कार्यक्रम एका मंगल कार्यालयात होता. पुढं अकरा पोरी नव्या कपड्यांत. टेबलावर अकरा दप्तरं. मंचावर मॅडम, आणि पाहुणे म्हणून तापीकाठचे एक मोठे गुजर शेतकरी. त्यांचं निम्मं गोत गुजरातेत. माझं काम माइकवर ओरडणं. चपला बाहेर काढा, लहान पोरं आवरा. वहिनी आणि पोरगी दाराशी उभ्या होत्या. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. दारावरचा माणूस यादी बघून खुर्च्या देत होता.

दप्तरं वाटायच्या आधी मी माइक सोडलाच नाही. म्हटलं, "मॅडम, एक बाई राहिली. तिचा नवरा मेलेला आहे. मी स्वतः बघितला."

लोक हसले. मी तर काही केलं नव्हतं.

"मीच त्याला गाडीत घालून आणला," मी म्हटलं. आणखी हसले.

"हसू नका, खरं सांगतो, तो मेलाच आहे." मागच्या ओळीत एक जण खुर्चीवरनं पडायचा राहिला. सगळ्या नंदुरबारला माहीत, ह्यानं माइक धरला की हसायचं. सरळ बोलावं कसं ते मला येत नव्हतं. रडायला आलं, तर त्यांना वाटलं नक्कल करतोय. टाळ्या पडल्या. मॅडमचं तोंड आंबलं. त्या संस्थेच्या माणसाला म्हणाल्या, "ह्यांना खाली घ्या."

माझ्या हातातला माइक कोणीतरी ओढला. मला वाटलं तो माणूस. वहिनी होती. ती दारापासून सगळ्या खुर्च्यांमधनं चालत आली होती. माइक तिनं भाकरी धरतात तसा दोन्ही हातांनी धरला.

"मन्हा नवरा मरी गया," ती म्हणाली.

हसणं तिथंच तुटलं.

"मालक जित्ता शे. तो मिरचीना मालक शे. मन्हा नवरा येगळा, मालक येगळा. नवरा मरना, आनि मालकनी माले काढी टाकं. आते माले दोन्ही नही शेतस."

मॅडम उभ्या राहिल्या. "मग त्या दिवशी मला असं का नाही सांगितलंत?"

"तुम्हीन मालक इचारा. नवरा कोठे इचारा?"

मॅडमनी हातातला पेन टेबलावर ठेवला. मग हळू म्हणाल्या, "नवरा कसा गेला, हे तोंडावर विचारणं बरं दिसलं नसतं."

"नही इचारं ते बरं दिसनं का?" वहिनी म्हणाली, आणि दाराशी उभ्या पोरीकडं बोट केलं.

फाईल मागवली. कागद निघाला. मॅडमला वाचता येईना. ते गुजर पाहुणे म्हणाले, "आणा इकडं." चष्मा लावला आणि माइकजवळच वाचायला लागले. माझ्या दोस्ताचं पुरं नाव, त्याच्या बापाचं नाव, वय, गाव, दवाखाना, तापाचं काहीतरी मोठं नाव, आणि मरण पावला तो वार. तो कागद मी इतकी वर्षं नुसता बघितला होता. ऐकला त्या दिवशी. पोरीनं पण त्या दिवशीच ऐकला. ती दाराची कडी धरून उभी होती, बापाचं नाव कर्ण्यातनं येत होतं, आणि अकरा पोरी मागं वळून तिच्याकडं बघत होत्या.

मॅडमनी लगेच नाव लिहिलं. बाराव्या दप्तराची सोय करायला सांगितली. मग फोटोवाला पोरगा पुढं आला. म्हणाला, "काकू, पदर डोक्यावर घ्या, मॅडमकडं बघा."

"फोटो नही," वहिनी म्हणाली.

"अहो, सगळ्यांचा काढतो."

"नाव लिखायनं ना? मंग झायं. मन्हा नही, पोरना बी नही."

संस्थेचा माणूस म्हणाला नियम आहे. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या." पण राग होता त्यांच्या बोलण्यात. माझ्यावर होता की वहिनीवर, की स्वतःवर, ते काही मला कळलं नाही. दीड भाषेत तेवढं कळत नाही.

बाहेर मी रिक्षा दारापुढं लावून उभा होतो. धुवून आणली होती. म्हटलं, "वैनी, बसा. घर सोडस."

ती थांबली. पोरीला पुढं चालायला सांगितलं. मग म्हणाली, "भाऊ, तो मरना तव्हय मी कोनापुढे बोलनी नव्हती. सासूले बी तूच सांगेल व्हतं. चार वरीस मी ते मन्हा तोंडघाई काढं नही. आज शेकडो लोकसमोर माले सांगनं पडनं. तुन्हामुये."

"वैनी, मन्ही चूक झायी."

"चूक मॅडमनी झायी. तुले तं मालूम व्हतं."

ती स्टेशन रोडकडं गेली. तिथं दुसऱ्याच्या रिक्षात बसली. माझ्या नंबरच्या मागच्याच रिक्षात. तो रिक्षावाला नंतर स्टेशनवर मला विचारायला लागला, "काय रे, भांडण?" मी म्हटलं, "नाही, वहिनीला तुझी सीट मऊ लागते." बघा, एवढं होऊनही निघालंच तोंडातनं.

पोरगी वसतिगृहात गेली. पेटी डोक्यावर घेऊन वहिनी एसटीनं गेली, एकटीनं सोडून आली. वहिनी आता पथारीवर जात नाही, दुसरा मालक पण तिला घेत नाही, मिरचीवाल्यांत गोष्ट लवकर फिरते. लोकांच्या घरी भाकरी करते. तिच्या ओट्यावर बायका बसतात, हसतात. मी गेलो की हसणं थांबतं. बायको म्हणते, तुला काय पाहिजे, सगळ्यांनी तुझ्या पाया पडायला पाहिजे का, नाव तर लागलं. तिचं बरोबर आहे. ते मी लावलं नाही. मी पुसलं होतं, आणि परत लावायला गेलो तेव्हा माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगी आली. अंग भरलं होतं, दोन वेण्या, पायात बूट. मी रिक्षा पुसत होतो. ती येऊन उभी राहिली.

"काका, आमना वसतिगृहम्हा एक बाई शे, ती आम्हले शुद्ध बोलाले लावस. मी बोलू?"

"बोल."

"माझे वडील नाहीत. माझी आई काम करते." तिनं ते धडा म्हटल्यासारखं म्हटलं. मग म्हणाली, "काका, आते तुम्ही काही हसाडा ना. तठे कोनी हसाडत नही."

ती हात मागं बांधून, तोंड उघडं ठेवून उभी. मी फडकं खाली ठेवलं. सुचत होतं, नाही असं नाही.

आतनं वहिनीची हाक आली. "आठे ये. त्यानासंगे बोलानं नही."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "जाय. आई बलाई ऱ्हायनी."

ती गेली. मी किक मारली आणि स्टेशनवर नंबर लावायला निघालो.